मराठीचा तास आणि नागरिकाचा अर्ज

(सीमाभागातील मराठी शिक्षक व पालक यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



व्याख्यानाचा आरंभ सुभाषिताने करावा अशी आपल्याकडे रूढी आहे. आम्ही तो एका अर्जाने करणार आहोत. कारण आज जे सांगावयाचे आहे ते सारे त्या अर्जात सामावलेले आहे.

काही महिन्यांपूर्वी एक गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांच्या गल्लीत आठ-आठ दिवस नळाला पाणी येत नव्हते. तोंडी सांगून ते थकले होते. "साहेब, तेवढा एक अर्ज लिहून द्या," असे त्यांचे म्हणणे. त्यांच्यासोबत त्यांचा मुलगा होता. तो दहावीत असून मराठीत त्याला शंभरात नव्वदाच्या वर गुण मिळतात, असे त्यांनीच अभिमानाने सांगितले. आम्ही म्हटले, "मग अर्ज याच्याच हातचा होऊ द्या." मुलगा अर्धा तास बसला. अक्षर मोत्यासारखे. परंतु त्याने लिहिला तो निबंध. पाण्यावाचून जीवन नाही, पूर्वजांनी नदीला माता मानले, थेंब थेंब जपला पाहिजे, असे दीड पान भरून शेवटी त्याने 'लक्ष द्यावे ही नम्र विनंती, आपला आज्ञाधारक' असे लिहिले. गल्लीचे नाव नव्हते. पाणी कोणत्या तारखेपासून बंद आहे ते नव्हते. घरे किती, यापूर्वी तक्रार केव्हा केली, नेमके मागणे कोणते, आणि हा कागद कोणत्या अधिकाऱ्याकडे जावयाचा, यांपैकी एकही गोष्ट त्यात नव्हती.

मंडळी, दोष त्या मुलाचा नव्हे. जे शिकविले गेले तेच त्याने लिहिले. मराठीच्या तासाला त्याने भाषेचे सौंदर्य शिकले. नागरिकशास्त्राच्या तासाला त्याने मूलभूत हक्क पाठ केले आणि परीक्षेत ओळीने लिहिले. या दोन तासांच्या मध्ये जी भिंत आहे, तिच्या खाली त्याच्या गल्लीचे पाणी अडलेले होते. ही भिंत पाडणे शिक्षकांच्या हातात आहे, आणि आमच्या सीमाभागात तर ती पाडल्यावाचून गत्यंतर नाही, एवढेच आम्हांस आज सांगावयाचे आहे.

हा विचार आम्हीच प्रथम मांडतो आहोत असे कोणी समजू नये. १९५२-५३ साली डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली माध्यमिक शिक्षण आयोगाने आपला अहवाल तयार केला, तेव्हा लोकशाहीतील नागरिक कसा असावा याचे त्याने विवेचन केले. स्पष्ट विचार, स्पष्ट बोलणे, स्पष्ट लिहिणे, आणि प्रचारातून सत्य वेगळे काढण्याची शक्ती हे गुण आयोगाने नागरिकाच्या अंगी मागितले. हे गुण शिकविण्याचा तास कोणता? तो भाषेचाच तास होय. परंतु आम्ही केले काय? नागरिकत्व एका पातळ पुस्तकात घातले, भाषा दुसऱ्या जाड पुस्तकात घातली, आणि दोन्ही पुस्तके परीक्षेनंतर रद्दीत घातली.

आमच्या भाषेचा इतिहास असा नाही. अर्वाचीन मराठी गद्य वाढले तेच मुळी सार्वजनिक कामाच्या पोटी. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढले. त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारीशेजारी छापला जाई. कारण लोकांचे म्हणणे राज्यकर्त्यांस कळावे आणि राज्यकर्त्यांचे लोकांस कळावे, हे त्या पत्राचे कामच होते. पुणे सार्वजनिक सभा १८७० साली स्थापन झाली, तेव्हा तिच्या पंचाण्णव सभासदांनी सहा हजारांवर लोकांच्या सह्यांची मुखत्यारपत्रे आणली होती. 'आम्ही अमक्यांच्या वतीने बोलतो' हे कागदावर सिद्ध करून मगच ती सभा सरकारशी बोलू लागली. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यात शेतकऱ्यांच्या मुलांना मोडी व बालबोध वाचता-लिहिता यावे, हिशेब यावा, शेतकीची व आरोग्याची प्राथमिक माहिती असावी, असा अभ्यासक्रम त्यांनी मागितला. कागद वाचता न आल्याने शेतकरी कसा नाडला जातो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. आणि १९२० साली डॉ. आंबेडकरांनी जे पाक्षिक काढले, त्याचे नावच 'मूकनायक' होते. ज्यांना वाचा नाही त्यांना नागरिकत्व नाही, हे त्या एका शब्दात आले. अशा भाषेचे आम्ही वारस आहोत, आणि आमच्या मुलांना पाण्याचा अर्ज लिहिता येत नाही!

भाषेचा वर्ग आणि नागरिकत्वाचा वर्ग एकच केला तर काय घडते, याचे एक उदाहरण मात्र आम्ही दूरचे देणार आहोत, कारण याहून स्वच्छ उदाहरण आमच्या वाचनात नाही. अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यात चार्ल्सटन शहराजवळ जॉन्स नावाचे बेट आहे. तेथील कृष्णवर्णीय लोकांना कायद्याने मत होते, पण मतदार म्हणून नाव नोंदवावयाचे तर राज्याच्या घटनेतील उतारा वाचून दाखवावा लागे. ज्यांना शाळा दिली नाही त्यांनाच वाचनाची परीक्षा! ईसॉ जेन्किन्स नावाचे तेथील एक कार्यकर्ते बेटावरून शहरात कामाला जाणाऱ्यांची बस चालवीत आणि वाटेत उतारूंना घटनेचा तो भाग समजावून सांगत. पुढे हायलँडर लोकशाळेच्या सेप्टिमा क्लार्क यांच्या साहाय्याने जानेवारी १९५७ मध्ये एका सहकारी दुकानाच्या मागल्या खोलीत प्रौढांचा वर्ग सुरू झाला. शिकविण्यासाठी शिक्षिका नेमली नाही. बर्निस रॉबिन्सन या केशभूषा व शिवणकाम करणाऱ्या बाईंना बसविले. त्यांनी पहिल्या दिवशी शिकणाऱ्यांनाच विचारले, की तुम्हांला काय शिकावयाचे आहे? कोणास स्वतःचे नाव लिहावयाचे होते, कोणास मनिऑर्डरचा फॉर्म भरावयाचा होता, कोणास घटना वाचून मतदार व्हावयाचे होते. याच गोष्टी त्यांचे पाठ्यपुस्तक झाल्या. मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा भिंतीवर लावलेला होता, आणि वर्ग संपेपर्यंत तो प्रत्येकाने वाचावा असे ठरले होते. त्या एका खोलीतून निघालेले नागरिकत्वाचे वर्ग दक्षिणेच्या अनेक राज्यांत पसरले, आणि १९६५ च्या मताधिकार कायद्याने अशा वाचनपरीक्षांचा पायाच उखडला.

या गोष्टीतून दोन धडे घ्यावयाचे. भाषा ही नागरिकत्वाच्या दाराला कुलूपही होऊ शकते आणि किल्लीही होऊ शकते. कुलूप घालणारा म्हणतो, "आधी माझी भाषा वाचून दाखव, मग तुझे म्हणणे ऐकू." किल्ली देणारा म्हणतो, "तुझे म्हणणे काय ते तुझ्या भाषेत नीट मांड. दुसऱ्याची भाषाही मी तुला शिकवितो." कुलपाविरुद्ध लढणे हा एक मार्ग झाला, आणि त्या मार्गाने सीमाभाग चालत आला आहे. परंतु किल्ली घडविण्याचे काम शाळेचे आहे, आणि त्याची हेळसांड आम्हीच केली आहे.

आता आपल्या घरी येऊ. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली आणि आमचा मुलूख तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. सीमेचा वाद २००४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. तो न्यायालयाचा विषय आहे, आमच्या आजच्या व्याख्यानाचा नव्हे. आमचा प्रश्न एवढाच आहे, की सीमारेषा कोठेही असो, रेषेच्या या बाजूस आज जो मराठी मुलगा पाचवीत बसला आहे, त्याला आपल्या हक्कांची कलमे वाचता येतात काय?

राज्यघटनेचे ३५० वे कलम घ्या. कोणाही व्यक्तीस आपल्या गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी केंद्राच्या वा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क या कलमाने दिला आहे. म्हणजे मराठीत लिहिलेला पाण्याचा अर्ज ही कोणाची मेहेरबानी नव्हे. घटनेनेच तो मान्य केला आहे. परंतु उत्तरही मराठीतच मिळेल असे त्या कलमात लिहिलेले नाही, हेही मुलांना सांगितले पाहिजे. पुनर्रचनेच्या वर्षीच सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्यासाठी पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे ते सांगते. शाळेत चाळीस किंवा वर्गात दहा विद्यार्थी असतील तर मातृभाषेतून शिकविण्याची सोय व्हावी, आणि ज्या भागात अल्पसंख्याकांचे प्रमाण पंधरा टक्के वा अधिक असेल तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही निघाव्यात, या गोष्टीही १९५६ च्या केंद्र सरकारच्या निवेदनात आहेत. या आकड्यांवर आम्ही सभा गाजविल्या. पण ही चार वाक्ये मराठीच्या तासाला फळ्यावर लिहून, 'यांत हक्क कोणता, अट कोणती आणि नुसते आश्वासन कोणते, ते ओळखा' असा स्वाध्याय कोणत्या शाळेत दिला जातो? 'करील' आणि 'करण्याचा प्रयत्न करील' यांत किती अंतर आहे, हे ज्याला वाक्यरचनेवरून उमगले, तो मुलगा उद्या कोणाच्याही भाषणाने भुलणार नाही. आमच्याही नाही.

दुसरा एक कायदा पाहा. माहितीचा अधिकार २००५ साली आला. दहा रुपयांचे शुल्क, तीस दिवसांची मुदत, आणि माहिती कशाला हवी याचे कारण सांगण्याची गरज नाही, अशी त्याची सोपी रीत आहे. परंतु हा अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या क्षेत्राच्या राजभाषेत करावयाचा असतो. म्हणजे गाऱ्हाणे मराठीत मांडण्यास घटना मोकळीक देते, पण माहिती मागावयाची झाली तर आमच्या मुलाला आणखी एक भाषा हाती असावी लागते. आपल्या हक्काचा आवाका किती आणि तो कोठे थांबतो, हे दोन्ही ज्याला ठाऊक आहे तोच खरा सज्ञान नागरिक.

शिक्षक बंधुभगिनी म्हणतील, हे सारे ठीक आहे. पण अभ्यासक्रम पुरा होता होत नाही, त्यात नवा विषय कोठे घालावा? आमचे सांगणे असे, की नवा विषय नको, नवा तासही नको. आहे तेच व्याकरण आणि आहे तेच लेखन निराळ्या हाताने शिकवा.

प्रयोग शिकविताना 'रामाने आंबा खाल्ला' हे वाक्य आपण पिढ्यान्पिढ्या घेतो. त्यासोबत एक वाक्य सूचनाफलकावरचे घ्या: 'रस्ता खोदण्यात आला असून दुरुस्ती लवकरच करण्यात येईल.' आणि मुलांना विचारा, या वाक्यात कर्ता कोठे आहे? खोदला कोणी? दुरुस्त करणार कोण? लवकर म्हणजे केव्हा? सरकारी भाषेत कर्ता सहसा दडून बसतो. त्याला शोधून काढणे हा व्याकरणाचा स्वाध्याय आहे आणि लोकशाहीचाही.

सर्वनामे शिकविताना 'आम्ही' आणि 'आपण' घ्या. हिंदीच्या 'हम' मध्ये किंवा कन्नडच्या 'नावु' मध्ये जो भेद नाही, तो मराठीने जपला आहे. 'आम्ही' म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हणताना तो आत येतो. पाणी मागताना गल्ली म्हणते 'आम्हांला पाणी नाही', आणि पाणी जपावयाचे असते तेव्हा सूचना येते 'आपण सर्वांनी काटकसर करू'. घटनेच्या उद्देशिकेचा मराठीतील पहिला शब्द 'आम्ही' आहे. तो 'आपण' का नसावा, असा प्रश्न आठवीच्या वर्गाला टाकून पाहा. एक तास वादविवाद चालेल, आणि नुसत्या पाठांतराने जी उद्देशिका ओठांवर राहते ती डोक्यात उतरेल.

लेखनाच्या तासाला निबंध राहू द्या, पण त्याच्या शेजारी अर्ज, पोच, स्मरणपत्र आणि सभेचे इतिवृत्त यांनाही बसावयास जागा द्या. महिन्यातून एकदा वर्गाची सभा भरवा. एकाने अध्यक्ष व्हावे, एकाने इतिवृत्त लिहावे, आणि पुढल्या सभेत ते वाचून मंजूर करून घ्यावे. ज्याचे मत हरले त्याचेही मत नीट नोंदवावे. विरोधकाचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत लिहिता येणे, याहून अवघड मराठी लेखन आम्हांस ठाऊक नाही. वादविवादात मुलांनी कोणती बाजू घ्यावी ते चिठ्ठी टाकून ठरवा, म्हणजे नावडती बाजूही मांडण्याची सवय लागेल. एकाच घटनेच्या दोन वृत्तपत्रांतील बातम्या पुढे ठेवून बातमी कोणती आणि मत कोणते, हे मुलांना अधोरेखित करावयास सांगा. त्यांतील एक वृत्तपत्र आमचे असले तरी आमची हरकत नाही. एखाद्या विद्यार्थ्याने आमच्या अग्रलेखातील अतिशयोक्ती दाखवून दिली, तर ते पत्र आम्ही आनंदाने छापू.

कर्नाटकात ग्रामपंचायतींतर्फे मुलांच्या ग्रामसभा भरविण्याची पद्धत आहे. 'मक्कळ ग्रामसभा' म्हणतात ती हीच. शाळेचे छप्पर, मुलींचे स्वच्छतागृह, वाटेवरचा दिवा असे प्रश्न तेथे मुलांनी स्वतः मांडावयाचे असतात. आमच्या मराठी शाळांतील मुलांनी तेथे मागल्या रांगेत गप्प बसू नये. जावयाच्या आधीचा आठवडाभर मराठीच्या तासाला त्याचीच तयारी व्हावी: प्रश्न काय, पुरावा काय, मागणी काय.

आता एक गोष्ट, जी या व्यासपीठावर बोलणे सोपे नाही. कर्नाटकाने २०१५ साली कायदा करून सर्व शाळांत पहिलीपासून टप्प्याटप्प्याने कन्नड शिकविण्याचे ठरविले. सक्तीचा कडवटपणा सीमाभाग जाणतो, आणि सक्तीला विरोध करण्याचा हक्क कोणी सोडावा असे आम्ही म्हणत नाही. परंतु सक्तीला विरोध आणि भाषेला विरोध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उताऱ्यावरचे, नोटिशीवरचे, पाण्याच्या बिलावरचे कन्नड ज्याला वाचता येत नाही, तो दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतो, आणि असे पाहावे लागणे हीच परवशता. आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत बाजारात दोन्ही भाषा चालत, आणि त्याने कोणाचे मराठीपण झिजले नाही. ज्याची मातृभाषा पक्की आहे त्याला शेजाऱ्याच्या भाषेचे भय कशाला? भय असलेच तर ते निराळे आहे. मराठीही अर्धी, कन्नडही अर्धी आणि इंग्रजी नुसती गणवेशापुरती, अशी पिढी आम्ही घडवीत आहोत, हे ते भय. अशा मुलाला कोणत्याच भाषेत नागरिक होता येत नाही.

कोणी शंका काढील, की यातून वर्गात राजकारण शिरेल. शंका योग्य आहे आणि तिचे उत्तरही स्पष्ट हवे. शिक्षकाने मुलांना काय मागावे ते शिकवावयाचे नाही. कसे मागावे, पुरावा कसा द्यावा, आणि समोरच्याचे कसे ऐकावे, हे शिकवावयाचे आहे. घोषणा देण्यासाठी मुलांना रांगेत उभे करणे हे नागरिकत्वाचे शिक्षण नव्हे, मग ती घोषणा आमची का असेना. घोषणा आठवड्यात विरते. व्यवस्थित लिहिलेला कागद दप्तरात राहतो आणि वीस वर्षांनीही साक्ष देतो.

पालकहो, तुमच्याकडेही आमचे एक मागणे आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेच्या व्यवस्थापन समितीत पालकांना तीन चतुर्थांश जागा दिल्या आहेत. त्या समितीच्या सभेला जा, इतिवृत्त वाचावयास मागा, वाचल्याखेरीज सही करू नका. मुलगा घरी ते पाहील. वर्गात शिकलेले घरी खोटे पडले, तर कोणताच शिक्षक काही करू शकणार नाही.

त्या अर्जाचे पुढे काय झाले ते सांगून आम्ही आपली रजा घेतो. आम्ही मुलाला अर्ज लिहून दिला नाही. त्याला प्रश्न विचारले, आणि उत्तरे गोळा करण्यासाठी तो गल्लीत गेला. दुसऱ्या दिवशी घरांची संख्या, तारखा आणि सह्या घेऊन आला. नवा अर्ज अकरा ओळींचा झाला. 'आज्ञाधारक' हा शब्द त्याने आपण होऊन खोडला आणि तेथे 'गल्लीतील रहिवासी' असे लिहिले. खाली ३५० व्या कलमाचा उल्लेख केला. संबंधित कचेरीत अर्ज देताना त्याने दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक मागितला. कारकुनाने प्रथम कुरकूर केली, मग शिक्का मारून दिला. पाणी लगेच सुरळीत झाले असे आम्ही सांगणार नाही. आणखी दोन स्मरणपत्रे द्यावी लागली, आणि तीही त्यानेच लिहिली. पण ती पोच दाखवावयास तो आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे होते, ते नव्वद गुणांच्या प्रगतिपुस्तकाने आलेले नव्हते.

आमच्या प्रत्येक मराठी शाळेतून दहावी होऊन बाहेर पडणाऱ्या मुलामुलीच्या दप्तरात अशी एक तरी पोच असावी. एवढे शिकवू या. तोवर आम्ही 'आम्ही' म्हणत राहू; ज्या दिवशी हे साधेल त्या दिवशी या सीमेवर राहणारे सारे, मराठी आणि कन्नड, एकमेकांना 'आपण' म्हणू शकतील.